दादाच्या हातची पेटी

माणूस थकला की त्याला नवीन काही शिकायला लावू नये, असा एखादा कायदा पाहिजे होता. साठीच्या उंबरठ्यावर, गुडघे कुरकुरत असताना आणि चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढत असताना, चिमीला खेळातल्या बंदुका दुरुस्त करायला शिकावं लागलं. तेही सख्ख्या भावाकडून. सख्ख्या भावाकडून काहीही शिकू नये, हे त्या कायद्याचं दुसरं कलम.

चिमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण भावानं लहानपणी ठेवलेलं नाव आणि अंगावरचा तीळ, दोन्ही जाता जात नाहीत. तिचा सगळा जन्म कापडगिरणीत गेला, मागांच्या खात्यात. तिथे असा खडखडाट असायचा की बायका एकमेकींच्या ओठांकडे बघून बोलायच्या. गिरणी बंद पडली तेव्हा तिच्याजवळ उरलं काय, तर दुखरी पाठ आणि अर्धेमुर्धे कान. माणसांचं बोलणं ऐकू यायचं, पण वरचे बारीक आवाज गेले ते गेलेच. किटली शिटी मारून मारून कोरडी पडायची आणि ही शेजारी बसून पेपर वाचत असायची. नवरा गिरणीच्या आधीच गेला होता. मग दादा फोनवर म्हणाला, "ये इकडे. माझ्याकडे एक खोली रिकामी आहे." ती आली. आल्यावर कळलं, की खोलीच्या शेजारी एक खुर्चीही रिकामी आहे आणि तीही हिच्यासाठीच आहे.

दादाच्या पुढच्या खोलीत एक लांब टेबल होतं, त्यावर वाकणारा दिवा, आणि भिंतीला टेकून बंदुका. पहिल्या दिवशी चिमी दारातच थबकली. "अरे देवा, दादा, हे काय? पोलीस येतील!"

"काही येत नाहीत. त्यातलेच दोघंतिघं गिऱ्हाईक आहेत माझे," दादा म्हणाला.

एअरसॉफ्ट म्हणतात त्या खेळाला. बंदुका दिसायला थेट लष्करातल्या, आणि पोटात एक बॅटरी, एक मोटर आणि तळहाताएवढी धातूची पेटी. तिला गिअरबॉक्स म्हणतात, दादा नुसतं पेटी म्हणायचा. घोडा दाबला की मोटर त्या पेटीतली तीन दातेरी चाकं फिरवते, चाकं पिस्टनला मागे खेचतात, पिस्टन स्प्रिंगला दाबतो, मग दाते संपले की सुटतो, आणि त्या हवेच्या झपक्यानं मिरीएवढी प्लॅस्टिकची गोळी बाहेर पडते. लागली तर चटका बसतो, फार तर वळ उठतो. गावाच्या कडेला विटांचा एक बंद पडलेला कारखाना होता. तिथे दर रविवारी चांगले घरंदाज बाप्ये, डोळ्यांवर जाड चष्मे चढवून, चिखलात लोळून लढाया करायचे. त्यातला एक आठवडाभर टॅक्सच्या ऑफिसात शिक्के मारायचा आणि रविवारी स्वतःला कप्तान म्हणवून घ्यायचा. अशा सगळ्यांच्या पेट्या सोमवारी दादाकडे यायच्या. ते त्याला उस्ताद म्हणायचे, आणि दादाला ते मनापासून आवडायचं.

पण उस्तादच्या हातांना कंप सुटला होता. डॉक्टरांनी त्या दुखण्याला लांबलचक नाव दिलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी कंप काही हटला नाही, दुपारची झोप मात्र दुप्पट झाली. चहाचा कप दादा दोन्ही हातांनी धरायचा आणि तरी बशीत अर्धा चहा असायचा. त्याच हातांनी नखाएवढ्या स्प्रिंगा खुंट्यांवर बसवायच्या म्हणजे काय, विचार करा.

"तात्पुरतं आहे हे," दादा म्हणाला. "तोवर तू फक्त हात दे. डोकं माझं."

"माझं डोकं कुठे ठेवू मग?"

"ते तू गिरणीतच विसरून आलीस."

असं शिक्षण सुरू झालं. पहिली पेटी तिनं उघडली तो दिवस दोघंही विसरली नसतील. दादा शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकत होता. बाहेरचे स्क्रू काढ. नळी बाजूला ठेव. मोटर काढ. आता पेटीचे स्क्रू. आता... "थांब! थांब म्हणतो ना! आधी खटका सोडलास का?"

"कुठला खटका?"

कुठला ते लगेच समजलं. पेटीची दोन फाळकी वेगळी झाली तशी आतली स्प्रिंग फटकन उडाली, दिव्यावर आपटून कपाटामागे गेली, आणि तिच्या मागोमाग पेटीतलं सगळं बारीकसारीक सामान खोलीभर झालं. चिमीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. दादा रागावला नाही. "झाला तुझा श्रीगणेशा," एवढंच म्हणाला. मग दोन म्हातारी माणसं गुडघ्यांवर रांगत कोपऱ्याकोपऱ्यातून तुकडे वेचत बसली. उठताना दोघांनाही टेबलाचा आधार घ्यावा लागला.

हळूहळू जमत गेलं. मोटरच्या भोकातून पेचकस घालून आधी तो खटका सोडायचा. चाकं उलटी फिरू नयेत म्हणून तो असतो, आणि तो सोडला की ताणलेली स्प्रिंग सैल होते. मग मागून एक लांब सळई घालून स्प्रिंग धरून ठेवायची आणि दमानं झाकण उचलायचं. जे निघेल ते अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, निघालं त्याच क्रमानं. जुनं काळं ग्रीस पुसायचं, नवं लावायचं ते बोटाला जेमतेम जाणवेल एवढं. "भाकरीला लोणी लावत नाहीयेस," दादा म्हणायचा.

एकच गोष्ट तो तिला करू देत नव्हता, ती म्हणजे चकत्या. चाकांच्या अंगांना, लागतील तिथे, कागदासारख्या पातळ चकत्या घालतात. जास्त झाल्या तर चाक आवळतं, कमी झाल्या तर डुलतं, आणि डावीकडची उजवीकडे गेली तर दाते दात्यांवर नीट बसत नाहीत, एकमेकांना खाऊन टाकतात. चकत्या बरोबर बसल्या की नाही हे कानानं कळतं.

"चुकल्या की बारीक शिटीसारखा आवाज येतो. हा बघ. येतोय?"

"नाही."

"आता? आता तर किंचाळतेय."

"नाही रे दादा. मला नुसतं टकटक ऐकू येतं."

दादानं बंदूक खाली ठेवली. "मग चकत्यांना हात नाही लावायचा. जिथून निघाली तिथेच परत ठेवायची, बस्स."

कप्तान मधेमधे यायचा. त्याला कायम जास्त जोर हवा असायचा. "उस्ताद, अजून कडक स्प्रिंग टाका ना! समोरच्याला कळलं पाहिजे गोळी लागली ते!" दादा त्याला समजावून थकला होता. नुसती कडक स्प्रिंग घातली की पिस्टनचे प्लॅस्टिकचे दात झडतात. म्हाताऱ्याला ताटात दुप्पट वाढलं म्हणून तो काही पैलवान होत नाही. शिवाय मैदानाच्या दारातच यंत्र लावून गोळीचा वेग मोजतात, आणि मर्यादेबाहेर गेला की कप्तान असो नाहीतर जनरल, बाहेरच्या बाकावर बसावं लागतं. कप्तान एकदा दिवसभर असा बसला होता, पूर्ण गणवेशात, डबा उघडून. तरी पुढच्या सोमवारी हजर. जित्याची खोड, दुसरं काय.

तर उघडणं, पुसणं, ग्रीस, जोडणी, हे सगळं चिमी करायला लागली. पण पेटी बंद करायची वेळ आली की दादा खुर्ची पुढे ओढायचा. "सर बाजूला. बंद मी करणार." उस्तादकी कुठेतरी शिल्लक ठेवायची होती त्याला. तो मनगटाखाली दुमडलेला टॉवेल घ्यायचा, जीभ दातांत धरायचा, आणि थरथरत्या बोटांनी वायर, खटका, स्प्रिंग, झाकण असं एकेक बसवायचा. मग घोडा दाबून बघायचा आणि म्हणायचा, "ऐक. मखमल!"

मखमल टेबलावर असायची. मैदानात गेली की तिचं गोणपाट व्हायचं. कप्तानाची बंदूक एका खेळातच परत आली. वायर झाकणाखाली चिमटली होती आणि तुटली होती. पाठोपाठ दुसरी आली, तिच्यात खटक्याची स्प्रिंग खुंटीवरून घसरली होती. कप्तान तोंडावर काही बोलला नाही, पण जाताना दाराशी चिमीला हळूच विचारलं, "उस्तादची तब्येत बरी आहे ना?" आतून दादानं ते ऐकलं. कान शाबूत ना त्याचे. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी टेबलाशी बसला तो नुसताच बसून राहिला.

चिमीला ते बघवलं नाही. वहिनी गेल्यापासून आणि मुलगा परदेशी गेल्यापासून ह्या माणसाकडे ह्या टेबलाशिवाय होतं तरी काय? म्हणून मग तिनं एक उद्योग सुरू केला. दादा दुपारी गोळी घेऊन घोरायला लागला, की त्यानं सकाळी बंद केलेली पेटी ती पुन्हा उघडायची. काहीतरी सापडायचंच. कधी वायर खाचेबाहेर, कधी स्क्रू अर्धवट, कधी ती मेली खटक्याची स्प्रिंग नुसतीच टेकवलेली. ती तेवढं ठीक करायची, बंद करायची, होती तशी ठेवायची. चोर निदान काही घेऊन तरी जातो. ही आपली रोज चोरपावलांनी जाऊन देऊन येत होती.

बंदुका परत यायच्या थांबल्या. दादाचा चेहरा खुलला. "बघ चिमे, हात परत येतोय," तो बोटं तिच्यासमोर धरून म्हणायचा. बोटं पूर्वीइतकीच थरथरत असायची. मुलाला फोनवर सांगायचा, "नाही रे, आता पुष्कळच बरं आहे. एकही तक्रार नाही कुणाची." चिमी तिथेच भाजी चिरत बसलेली असायची आणि मान वर करायची नाही.

थकून जायची ती. सकाळी शिकाऊ म्हणून बोलणी खायची, दुपारी त्याच माणसाच्या चुका निस्तरायच्या, आणि संध्याकाळी "कशी झाली आजची पेटी?" ह्या प्रश्नाला "छान" म्हणायचं. अंग दुखायचं ते वेगळंच. पण जास्त थकवा त्या "छान"चा यायचा.

अशात दातांचे डॉक्टर आले. हे दादाचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, बोलायला मऊ, हसायला मोकळे. वर्षातली मोठी लढाई जवळ आली होती आणि त्यांना पेटी नवीकोरी करून हवी होती. थोडी कडक स्प्रिंग, पोलादी दातांचा पिस्टन, तिन्ही चाकं नवी.

"घाई नाही, उस्ताद. पण तुमच्याच हातची पाहिजे," डॉक्टर म्हणाले.

ते गेल्यावर दादानं चिमीकडे बघितलं. "हिला तू हात लावायचा नाहीस. उघडणं नाही, पुसणं नाही. सगळी मी करणार."

त्यानं केली. चिमी समोर बसून बघत होती, आणि बघणं हे करण्यापेक्षा कठीण होतं. चकती बोटातून निसटायची. तो बोट ओलं करून ती उचलायचा, चाकाच्या दांड्यावर न्यायचा, पुन्हा निसटायची. पुन्हा बोट ओलं. दुसऱ्या जाडीची घालून बघायचा, चाक फिरवून कान लावायचा, मान हलवायचा, परत काढायचा. कपाळावर घाम. एकदा तर संपूर्ण सकाळ एका चाकात गेली. चिमी आपले हात मांडीखाली दाबून बसायची, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. शेवटी एकदाची पेटी बंद झाली. दादानं घोडा दाबला, डोळे मिटून ऐकलं, आणि ह्या खेपेला "मखमल" वगैरे काही म्हणाला नाही. नुसता गालात हसला आणि जाऊन झोपला.

चिमीनं पेचकस घेतला.

झाकण उचललं आणि ती बघतच राहिली. वायर खाचेत, अगदी आखून दिल्यासारखी. खटक्याची स्प्रिंग खुंटीवर पक्की. ग्रीस बेताचं. सगळे स्क्रू पुरते आवळलेले होते, एकही चिरडलेला नव्हता. काहीही चुकलेलं नव्हतं.

तेव्हाच तिनं झाकण लावून आडवं व्हायला हवं होतं. पण इतके दिवस प्रत्येक पेटीत काही ना काही सापडलेलं, त्यामुळे चूक नाहीच ह्यावर तिचा विश्वास बसेना. चूक आहे, आपल्याला दिसत नाही, असंच तिला वाटत राहिलं. मोठ्या लढाईत डॉक्टरांची बंदूक बंद पडली तर दादा परत जेवायचा नाही. म्हणून ती शोधत गेली. पिस्टन काढला, बघितला, ठीक होता. मग चाकं काढली, एकेक करून. चकत्या ग्रीसला चिकटून वर आल्या, एक कुठूनशी सुटून तिच्या पदरावर पडली. कुठल्या चाकाची, कुठल्या अंगाची? तिनं चष्मा पुसला, बराच वेळ विचार केला, आणि मोटरजवळच्या चाकाच्या वरच्या अंगाला ती घातली. चाक फिरलं. पेटी बंद केली, घोडा दाबला. टकटक, टकटक. तिच्या कानांना सगळं पूर्वीसारखंच होतं.

लढाईनंतर डॉक्टर आले ते बंदूक पिशवीत घालून. आधी चहा घेतला, दादाच्या तब्येतीची चौकशी केली. चांगल्या माणसांचं हे असं असतं, शिवी द्यायची सोडून चौकशी करतात.

"सुरुवातीपासूनच किंचाळत होती हो," ते म्हणाले. "माझ्या ड्रिलपेक्षा वाईट. मला वाटलं नवे दाते आहेत, बसतील. मग एकदम खाडकन बंद. असू दे, उस्ताद, होतं असं."

"किंचाळत होती?" दादा म्हणाला. "मी ऐकली होती ना. गप्प होती ती."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि ते उठले.

ते गेल्यावर दादानं स्वतः पेटी उघडली. ग्रीसमध्ये दात्यांचा चुरा चमकत होता. त्यानं मोटरजवळचं चाक उचललं, आणि त्याचा हात तसाच राहिला.

"ही चकती वर कशी?" तो म्हणाला. मग स्वतःशीच, "मी खाली घातली होती. खाली जाड, वर काही नाही. मला पक्कं आठवतंय." त्यानं चकती दिव्याखाली धरली. ती हातात थरथरत होती. "पक्कं आठवतंय मला, चिमे."

चिमीनं फडकं उचलून टेबल पुसायला घेतलं.

"म्हणजे आठवतंय तेही खोटंच," दादा म्हणाला आणि चकती खाली ठेवली. "हात जाणार, हे गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोकंही जाईल असं कुणी बोललं नव्हतं."

तिथून जे सुरू झालं ते बघणाऱ्याच्या जिवावर येईल असं होतं. दादा स्वतःची परीक्षा घ्यायला लागला. परवा मी कुठला शर्ट घातला होता गं? सांगू नकोस, मी सांगतो. निळा. होता ना निळा? बरोबर असलं तरी त्याला खरं वाटायचं नाही. दाराचं कुलूप तीनतीनदा ओढून बघायचा. शेगडीजवळ जाईना. "आजपासून गॅस तू लाव. माझा भरवसा नाही," म्हणाला. दुपारची झोप सोडली, झोपेतून उठल्यावर काही आठवलं नाही तर, ह्या भीतीनं. मग मुलाला फोन लावला आणि चिमीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "म्हाताऱ्या माणसांना ठेवतात तसल्या जागा असतात ना, त्यांची चौकशी कर. हो, माझ्यासाठी. चिमीच्या गळ्यात कशाला मारू हे सगळं?"

आता इकडे आड आणि तिकडे विहीर. गप्प राहावं, तर धडधाकट डोक्याचा माणूस आपल्या पायांनी त्या जागेत चालत जाणार. सांगावं, तर सगळंच सांगावं लागणार. ही एकच पेटी उघडली म्हटलं तर तो विचारणारच, का उघडलीस? मग बाकीच्या पेट्या, परत येणारा हात, मुलाला केलेले फोन, सगळं एका झटक्यात जाणार. चिमीनं अर्धं खोटं जुळवून पाहिलं. पुसायला घेतली आणि हातून पडली, असं म्हणू का? पण बंद पेटी पडली तर चकती ह्या अंगाची त्या अंगाला जात नाही, हे उस्तादला वेगळं सांगावं लागणार होतं का? तिला स्वतःची चीड आली, दादाची आली, त्या कप्तानाची आणि त्याच्या लढायांचीही आली. काय नडलं होतं, इतकं प्रेम करायचं? सरळ सांगितलं असतं त्याच दिवशी, की दादा, तुझी वायर चिमटलीये, तर दोन दिवस रुसला असता आणि संपलं असतं.

पुढच्या खोलीत दादा सामान आवरत होता. स्क्रूंच्या बाटल्या खोक्यात भरत होता, कप्तानाला देऊन टाकायला. प्रत्येक बाटली खोक्याच्या कडेवर आपटून वाजत होती. चिमी दारात उभी राहिली.

"दादा, ती पेटी मी उघडली होती."

"कुठली?"

"डॉक्टरांची. तू झोपला होतास तेव्हा. चकती माझ्या हातून वर गेली."

दादानं बाटली खाली ठेवली. "तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून? मग का उघडलीस?"

"मी सगळ्याच उघडत होते."

"सगळ्या म्हणजे?"

"तू बंद केलेल्या सगळ्या. कप्तानाची बंदूक परत आली तेव्हापासून."

दादा खुर्चीत बसला. बसला कसला, पडला. "आणि त्यात चुका असायच्या."

"असायच्या."

"प्रत्येकीत?"

चिमीनं होकारार्थी मान हलवली.

"मी पोराला फोनवर सांगत होतो, हात परत येतोय म्हणून," दादा म्हणाला. आवाज चढत गेला. "तू इथे बसून भाजी चिरत होतीस! लाज नाही वाटली तुला? येडं समजत होतीस मला? म्हातारा नाचतोय, नाचू दे?"

"वाटली लाज. रोज वाटायची," चिमी म्हणाली. "पण तू जेवायचा थांबला होतास रे. मला दुसरं काही सुचलं नाही."

तो पुष्कळ बोलला. गिरणी काढली, तिचे कान काढले, लहानपणी तिनं फोडलेली त्याची गोट्यांची बरणीसुद्धा काढली. चिमीनं सगळं ऐकून घेतलं. पाय दुखायला लागले तशी ती समोरच्या स्टुलावर बसली. घर सोडून जा म्हणाला तर कुठे जायचं, ह्याचाही विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि इतकी थकली होती की त्याचंही तिला फार काही वाटलं नाही.

बोलून बोलून दादा दमला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "डॉक्टरांच्या पेटीत काय चुकलं होतं?"

"सांगितलं ना, चकती मी..."

"ते तुझं झालं. माझं काय चुकलं होतं? तू उघडलीस तेव्हा?"

"काही नाही."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. पुरे झालं ते आता."

"नाही रे. काहीच चुकलं नव्हतं. म्हणून तर मी शोधत बसले. चूक सापडेना म्हणून चाकं काढली, आणि तिथे घोळ झाला."

"वायर?"

"खाचेत होती."

"खटक्याची स्प्रिंग?"

"पक्की बसली होती."

"आणि ती चकती?" दादा पुढे वाकला. "उचललीस तेव्हा कुठे होती? आठवून सांग."

"पदरावर पडली ती कुठली, ते मला तेव्हा कळलं नाही. पण झाकण उचललं तेव्हा वरच्या अंगाला काही नव्हतं, हे मी बघितलं होतं; घालताना घाईत लक्षातच राहिलं नाही. म्हणजे खालचीच ती. तू म्हणतोस तिथलीच."

दादानं डोळे मिटले. श्वास सोडला तो असा, की इतके दिवस धरूनच ठेवला होता की काय. "म्हणजे मला बरोबर आठवत होतं."

"हो, दादा."

"डोकं ठीक आहे माझं."

"माझ्यापेक्षा तरी."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही, वाहू दिलं. चिमीनंही दुसरीकडे बघितलं नाही. मग एकाएकी तो ताठ बसला. "डॉक्टरांना फोन लाव. त्यांना सांग, उस्तादची पेटी बरोबर होती. बहिणीनं बिघडवली म्हणावं."

"सांगते."

"मुद्दाम नाव घेऊन सांग. कप्तानालाही सांग. सगळ्या मैदानाला कळू दे."

"सांगते म्हटलं ना. बाकीच्या पेट्यांचंही सांगू?"

"ते मी सांगेन," तो म्हणाला. "पोरालाही मीच सांगेन."

चिमी फोन आणायला उठली. गुडघा कटकन वाजला.

"थांब जरा," दादा मागून म्हणाला. "फोन पळून नाही जात. आधी मला परत सांग."

"काय परत सांगू?"

"झाकण उचललंस तेव्हा काय काय दिसलं ते. घाई न करता, पहिल्यापासून."

चिमी परत स्टुलावर बसली. "आधी स्क्रू," ती म्हणाली. "सगळे पुरते आवळलेले होते. एकसुद्धा चिरडलेला नव्हता."